मागच्या बाकावरून दिसतंय का?

मित्रांनो, कॉलेजच्या संगणक वर्गात छताला उलटा टांगलेला जुना प्रोजेक्टर तो मीच. माझी मान कायमच खाली असते, पण आज सांगतोय ते खरोखर मान खाली घालायला लावणारं आहे.

क्रांती चौकातल्या दुकानातून रिक्षात बसून मी इथे आलो. पहिल्या दिवशी मला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला. भिंतीवर उजेड पडताच मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढे नवलाई ओसरली. काचेवर धूळ बसली, अक्षरं पुसट झाली. सर विचारायचे, "मागं दिसतंय का?" सगळे एका सुरात म्हणायचे, "दिसतंय सर." मागं दिसत कुणालाच नव्हतं. पण सरांना नाही कसं म्हणायचं, म्हणून आमच्याकडे सगळ्यांना सगळं दिसायचं.

मग भानुमती मॅडम आल्या. पुण्याच्या कंपनीत बरीच वर्षं काम केलेल्या. त्यांनी नियम घातला: एकाने लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्याने सगळ्यांसमोर ओळ न् ओळ वाचायचा, आणि त्याने 'मंजूर' म्हटल्याशिवाय तो वापरायचा नाही. "चूक माणसाची नाही, ओळीची काढायची," त्या म्हणायच्या. मुलं माना डोलवायची आणि एकमेकांना 'छान आहे' म्हणून मोकळी व्हायची.

रामकिसन पाचोडजवळच्या वस्तीवरचा. पहिल्या वर्षी शहरातली मुलं त्याच्या बोलण्याला हसली, तेव्हापासून तो वर्गात फारसं तोंड उघडत नसे. बाळांना लस द्यायला नर्सबाई वस्तीवर कोणत्या वारी येणार, हे आयांना मोबाइलवर कळवणारा प्रोग्रॅम त्याने केला होता. त्याची आई आवडाबाई घरोघर हिंडून बायांना तयार करत होती.

तो प्रोग्रॅम वाचायची पाळी कालिंदीची होती. शहरातली, हुशार, नाकासमोर चालणारी मुलगी. मी ओळी भिंतीवर टाकत होतो, ती पुढे भिंतीजवळ उभी राहून वाचत होती. एका ओळीपाशी तिची नजर अडली. तिथे मोजणी एका दिवसाने चुकत होती, बुधवारचा गुरुवार होत होता. तिचा हात अर्धा वर आला. मग तिने रामकिसनकडे पाहिलं. तो शर्टाची बाही चोळत उभा होता. तिने हात खाली घेतला आणि म्हणाली, "मंजूर." रामकिसन वर्गात पहिल्यांदाच मोकळा हसला.

पुढे एका गुरुवारी वर्ग चालू असताना त्याला आईचा फोन आला. "स्पीकरवर घे," मॅडम म्हणाल्या, "वापरणाऱ्यांचं म्हणणं सगळ्यांनी ऐकायचं." कौतुकच ऐकायला मिळणार, असं सगळ्यांना वाटलं.

"आरं रामकिसन, नर्सबाई कालच यिऊन गेली म्हनं. हितं समद्या बाया लेकरं घिऊन अंगणवाडीच्या कुलपाम्होरं बसल्यात. मजुरीचा रोज बुडवून आल्यात. म्या हातापाया पडून आनलं व्हतं त्यांना. आता काय सांगू?"

फोन बंद झाल्यावर कालिंदी उभी राहिली. "मला दिसलं होतं," ती म्हणाली.

"मंग बोलली का नाय?"

"सगळ्यांसमोर तुला वाईट वाटेल म्हणून."

"हितं मला एकट्याला वाटलं असतं," तो म्हणाला. "आता वस्तीवर माझ्या आईचं कोन ऐकंल?"

कालिंदीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण याला जपलं नव्हतं, कमी लेखलं होतं, हे तिला तेव्हा उमगलं. त्या ओळीवर उजेड माझाच होता. त्या दिवशी मला कुणी बंद केलं तर बरं, असं वाटत राहिलं.

रविवारी ती रामकिसनबरोबर वस्तीवर गेली आणि दारोदार चूक कबूल करून आली. नर्सबाई पुन्हा आल्या. बाया मात्र सगळ्या आल्या नाहीत.

त्यानंतरच्या तासाला मॅडमनी नेहमीसारखं विचारलं, "मागं दिसतंय का?"

"दिसतंय मॅडम," वर्ग म्हणाला.

कालिंदी उभी राहिली. तिचे कान लाल झाले होते. "नाही मॅडम. खालच्या ओळी वाचता येत नाहीत. बऱ्याच दिवसांपासून."

रामकिसन बाकावर चढला आणि खिशातल्या रुमालाने माझी काच पुसू लागला. रुमाल काळाकुट्ट झाला. एवढी घाण तोंडावर घेऊन मी मुलांना शिकवायला मदत करत होतो, याची मला फार लाज वाटली.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना हळदकुंकू नसलं तरी चालतं. पण आमचं काही बिघडलं असेल तर ते वेळेवर सांगा. तुमच्या भिडेने आमचं भलं होत नाही.

"आता?" रामकिसनने वरून विचारलं.

कालिंदीने भिंत नीट वाचली. "डावीकडे अजून पुसट आहे," ती म्हणाली, आणि तो पुन्हा पुसू लागला.