कैलासवासी मालक

आमच्या संस्थेत नाव नसलेली वस्तू नाही. इंदूरच्या मल्हारगंजातल्या आमच्या दुमजली वाचनालयात पंख्यांच्या पात्यांवर नावं आहेत, खुर्च्यांच्या पाठींवर आहेत, पाण्याच्या पिंपावरसुद्धा आहे. सगळी कैलासवासी. पंखा फिरू लागला की नाव वाचता येत नाही, पण तो बंद करून दाखवायला अध्यक्ष मोहनराव फणसळकर सदैव तयार असतात. या रीतीला मी कधी हसलो नव्हतो. दिलेल्याची आठवण ठेवणं वाईट नाही. गेल्या शनिवारी मात्र याच रीतीचा मला असा संताप आला की तो अजून उतरलेला नाही.

मी संस्थेचा चिटणीस. मला बोलणं जमत नाही, म्हणून मी ऐकत आलो. निवृत्त झाल्यावर टेपरेकॉर्डर घेऊन इंदूरच्या म्हाताऱ्या मराठी माणसांकडे जाऊन बसायचो. गिरणीतले कारकून, रेल्वेतले गार्ड, शाळेतल्या बाई. ही सगळी आपल्या बोलीत बोलायची, अर्धी हिंदी, मधेच माळवी, मधेच एखादी ओवी. मी केलं ते काम कितपत शास्त्रशुद्ध, हे मला आजही ठाऊक नाही. पण ती माणसं बहुतेक गेली आणि टेपांना बुरशी लागली. उरलं ते फक्त स्वानंदीने क्लाउडवर चढवलेलं.

स्वानंदी सांगलीची. इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला आहे, रविवारी पुस्तकं बदलायला येते. तिची कंपनी आमच्यासारख्या संस्थांना क्लाउडवर फुकट जागा देते. ती जागा तिने मिळवून दिली आणि मला शेजारी बसवून सगळं समजावलं.

"काका, एकेक कप्पा हाताने करायचा नाही. काय हवं ते कोडमध्ये एकदा लिहायचं. कोड चालवला की सगळे ग्रुप आपोआप तयार होतात. गिरणीवाल्यांचा एक, रेल्वेवाल्यांचा एक, बायकांच्या ओव्यांचा एक. आणि प्रत्येकावर टॅग. हे कशासाठी आहे, याचा मालक कोण."

"मालक म्हणजे?"

"ज्याला विचारायचं तो. कंपनी अधूनमधून मालकाला मेल करते, हे अजून हवंय का? उत्तर नाही आलं तर बेवारस समजून काढून टाकते. नाहीतर कचरा साठतो."

"कचऱ्याचं इंदूरवाल्याला सांगू नकोस, स्वच्छतेत पहिला नंबर असतो आमचा," मी म्हणालो. ती हसली.

मालकाचं नाव तिने कोडमध्ये एकाच ठिकाणी लिहिलं होतं. ती एक ओळ बदलली की सगळ्या ग्रुपांवरचे टॅग बदलणार. चूक होऊ नये म्हणून तशी सोय. तूर्त तिथे तिने स्वतःचं नाव आणि मेल घातला होता.

मोहनरावांना दाखवलं तेव्हा त्यांची नजर नेमकी त्याच ओळीवर गेली.

"मालक स्वानंदी? क्या बात है! काल आली आणि आज मालकीण?"

"सर, ते नुसतं उत्तर देणाऱ्याचं नाव असतं. मानाचं नाही."

"बेटा, तू महाराष्ट्रातून आलीस. इथली रीत वेगळी आहे. या हॉलच्या सगळ्या खुर्च्या आमच्या बाबांनी दिल्या. जिथं लोक बसून ऐकणार, तिथं त्यांचं नाव नको? काय शामजी?"

मी म्हणालो, "पण ते उत्तर कसं देणार?" इतक्या हळू म्हणालो की मोहनरावांनी ते संमती समजून मान डोलावली.

स्वानंदी भावाच्या लग्नाला सांगलीला गेली तेव्हा मोहनरावांचा पुतण्या बंटी संस्थेच्या कॉम्प्युटरवर बसला आणि त्याने ती ओळ बदलली. मोहनरावांच्या वडिलांच्या नावाने नवा मेलही उघडला. मग खालच्या हॉलात समारंभ झाला. शाल, श्रीफळ, पडद्यावर ग्रुपांची रांग आणि प्रत्येकावर टॅग: मालक, कै. बाळकृष्ण फणसळकर. टाळ्या वाजल्या.

परत आल्यावर स्वानंदीने विचारलं, "सर, तो मेल कोण बघतं?"

"बंटी बघतो ना. टेन्शन नको घेऊ."

बंटी बघत नव्हता.

शनिवारी सरलाताई आल्या. त्यांच्या आई रेल्वे कॉलनीत राहायच्या, जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. आईचा आवाज नातवाला ऐकवायचा होता. मी ओव्यांचा ग्रुप उघडायला गेलो. ग्रुप नव्हता. रेल्वेवाल्यांचा नव्हता. गिरणीवाल्यांचाही नव्हता. मला वाटलं, माझंच काही चुकलं. माझंच चुकतं बहुधा. स्वानंदीला फोन केला. ती धावत आली, पडद्याकडे पाहिलं आणि खाली बसली.

"मालकाला तीनदा विचारलं. उत्तर नाही. कंपनीने सगळं काढून टाकलं."

सरलाताईंनी तोंडाला पदर लावला.

"अजून परत येईल," स्वानंदी घाईने म्हणाली. "काढलेलं थोडे दिवस बाजूला ठेवतात. पण मालकाच्या मेलवरूनच होकार जायला हवा, आणि मुदत आज संध्याकाळची. येता येता मी ऑफिसात फोन करून विनवून पाहिलं. टॅगवर ज्याचं नाव, त्याचीच परवानगी, म्हणाले."

मी मोहनरावांना बोलावलं. बंटीही आला.

"अरे, इतकंच ना?" बंटी खुर्ची ओढत म्हणाला. "कोड आहे की. परत चालवतो. दोन मिनिटांत सगळे ग्रुप खडे करतो."

"हात लावू नकोस!" स्वानंदी ओरडली. "त्याच नावाचे रिकामे ग्रुप तयार होतील. मग जुने कधीच परत येणार नाहीत."

"मग मेल उघड बाबांचा," मोहनराव म्हणाले.

बंटीने डोकं खाजवलं. "पासवर्ड आठवत नाही, काका. ओटीपी मागवावा लागेल. तुमचाच नंबर दिला होता."

ओटीपी मागवला. मोहनरावांच्या हातातला फोन वाजला. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघू लागलो. त्यांनी फोन पाहिला, पण आकडे सांगितले नाहीत.

"पहिले ठराव लिहा, शामजी."

"कसला ठराव?"

"तांत्रिक चूक झाली, तिला कुमारी स्वानंदी जबाबदार. उद्या लोक विचारतील ना, कसं गेलं? बाबांच्या नावामुळे गेलं म्हणू? वडील आहेत माझे."

"तो ठराव तिच्या कंपनीत जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे की. तरुण आहे, दुसरी नोकरी मिळेल. लिहा पटकन, ओटीपी थांबत नसतो."

स्वानंदी माझ्याकडे न बघता म्हणाली, "लिहा काका. आधी आवाज तर परत येऊ देत."

मी पेन उघडलं. आयुष्यभर या माणसाने सांगितलेले ठराव मी चांगल्या मराठीत लिहून दिले होते. पहिला शब्दही लिहिला: "सदर". आणि मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी उठलो आणि मोहनरावांच्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"शामजी! पागल झालात का?"

"चूप!" मी म्हणालो. हा शब्द मी घरातही कधी वापरला नव्हता. "स्वानंदी, घे. चार, शून्य, नऊ..."

मी सहाही आकडे वाचले. बंटी पुढे आला. सरलाताईंनी त्याच्या आड खुर्ची सरकवली आणि तिच्यावर बसून राहिल्या.

मेल उघडला. वर तीन पत्रं, न वाचलेली. प्रिय बाळकृष्ण, तुम्हाला हे अजून हवे आहे का? प्रिय बाळकृष्ण, आम्ही उत्तराची वाट पाहत आहोत. प्रिय बाळकृष्ण, ही शेवटची सूचना. एका मेलेल्या भल्या माणसाला यंत्र इतक्या अदबीने विचारत होतं आणि आम्ही जिवंत माणसं खाली टाळ्या पिटत होतो. रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"होकार देऊ?" स्वानंदीने विचारलं.

"दे."

ग्रुप एकेक करून परत येऊ लागले. ओव्यांचा सर्वांत शेवटी आला. स्वानंदीने आतली यादी वरपासून खालपर्यंत तपासली, मग कोड उघडला आणि ती ओळ समोर आणली.

"मालक कोण लिहू?"



"माझं नाव लिही," मी म्हणालो. "मेलही माझा. मी रोज उघडतो."

"अच्छा!" मोहनराव म्हणाले. "म्हणजे हे पाहिजे होतं. मालक व्हायचं होतं भियाला, या आमच्या भाईला."

मला तो घाव बसला. खरंच तसं असेल का, असं क्षणभर वाटूनही गेलं. पण राग त्याहून मोठा होता.

"हो," मी म्हणालो, "मेलो की त्याच दिवशी माझं नाव पुसायचं. तसाच ठराव लिहितो."

आणि लिहिला. "सदर" तिथे होताच. त्याच्यापुढे लिहिलं की सदर ग्रुपांच्या टॅगवरील मालक हयात असावा आणि त्याने आलेल्या मेलला उत्तर द्यावे. खाली कोणाच्या सांगण्यावरून कोणाचं नाव लावलं होतं, तेही लिहिलं. वही मोहनरावांपुढे सरकवली. त्यांनी सही केली नाही. फोन उचलून, बंटीला घेऊन ते जिना उतरून गेले. खालून आवाज आला, "सोमवारी राजीनामा पाहिजे!"

सरलाताईंनी वही आपल्याकडे ओढली आणि अध्यक्षांच्या जागी सही केली. त्या संस्थेच्या सभासद नाहीत. नियमाने ती सही मला खोडायला हवी होती. मी खोडली नाही.