वज्रकेतू मोठा होतो

आमचे हे, म्हणजे बुद्धभूषण, दिवसभर सरकारी कचेरीत फायली हलवतात आणि संध्याकाळी राक्षस मारतात. इथं उत्तरेत, आलमबागच्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बसून गेली काही वर्षं ते एक अद्भुत कादंबरी लिहीत होते. नायक वज्रकेतू. त्याने डोंगर ओलांडले, ज्वालासर्प लोळवला आणि शेवटी सिंहासनावर बसून आपल्या लाडक्या रेवती वैद्यिणीला शेजारी बसवलं. रविवारी बादलीतले दशहरी आंबे चोखता चोखता हा शेवट त्यांनी आम्हां मायलेकींना वाचून दाखवला.

आमच्या पायलला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. ती म्हणाली, "पापा, इतना सब हो गया, पर हीरो तो वैसा का वैसा ही रहा। और रेवती के मरीज़ों का क्या?"

"मरीज?" हे गोंधळले. "अगं, राणी झाली ना ती आता!"

माझं डोकंच फिरलं. कारण त्याच आठवड्यात मला बढती मिळाली होती, नागपूरला. हो की नाही, ते सोमवारी कळवायचं होतं आणि या गृहस्थांचं एकच पालुपद, "तुझं तू ठरव." आमच्या नोकरदार वस्तीत बदली नवऱ्याची होते आणि बायको बोजाबिस्तरा बांधते. उलटं झालं तर बायकोनेच बढती नाकारायची, अशी रीत. मला नाकारायची नव्हती, आणि यांना सोडून जायचंही नव्हतं. नवरा आवडतो मला, काय करणार!

"तिचे रोगी तिकडे मरायला टेकलेत आणि ती सिंहासनावर माशा मारत बसणार?" मी म्हटलं. "सर्पाला न भिणारा तुमचा वज्रकेतू तिच्या मागून चार पावलं चालायला घाबरतो, दुसरं काय!"

यांच्या हातातली कोय हातातच राहिली. मग हळूच म्हणाले, "घाबरतो गं. इथं मला लोक साहेब म्हणतात. तिकडं मी नीला मॅडमचा नवरा. अन् बाबा काय म्हणतील?"

इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा भीती वाटते म्हणाला. माझा राग कुठल्या कुठे पळाला. लग्न झालं तेव्हाही ते मला इतके आवडले नव्हते.

ते उठले, हात धुतले आणि अकोल्याला माझ्या सासऱ्यांना, बाबूरावांना, फोन लावला. सासऱ्यांच्या आवाजापुढे हे आजही शाळकरी पोर होतात.

"जय भीम, बाबा. नीलाला बढती मिळाली, नागपूरला. मीही जातो तिच्यासंगं."

"अन् तुझी नोकरी?"

"बदली मागतो. मिळेपर्यंत रजा काढतो."

"बायकोच्या मागं जाशील?" सासऱ्यांचा आवाज मला इथवर ऐकू आला.

मी यांचा हात घट्ट धरला.

"हो बाबा," हे म्हणाले. "तिच्या मागं."