नारळ फुटला आणि मला उडवलं

मी एक जुना फवारणीचा ड्रोन आहे, मित्रांनो, आणि माझा राग अजून गेलेला नाही. मला सहा पंख आहेत आणि पोटाशी दहा लिटरची टाकी. कारखान्यात मला जुळवलं, तेव्हाच एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसवली होती: वारा वाढला की ओरडायचं.

मी किन्हीराजा गावच्या महिला बचत गटात आलो. मला चालवायला शिकली ती संगीता. ती बांधावर बांबू रोवायची आणि त्याला लाल रिबीन बांधायची. रिबीन लोंबत असली तर मला उडवायची, फडफडली तर पेटीत ठेवायची. भुरभुर पाऊस किंवा धुकं असलं तरी नाहीच. दोन हंगाम माझ्या पंखांना साधा ओरखडा आला नाही. लोक माझं कौतुक करायचे, तिचं कुणी करत नव्हतं.

यंदाची पहिली फवारणी गावातल्या हरिसिंगच्या सोयाबीनवर होती. सकाळी सातला रिबीन सरळ लोंबत होती. पण हंगामाच्या पहिल्या फवारणीआधी नारळ फोडायची इथली रीत, आणि तो फोडणार होते हरिसिंगचे व्याही. ते कारंजाहून एसटीने येणार होते. त्यांच्यासाठी आम्ही पाच तास ताटकळलो! नारळ फुटला तेव्हा बारा वाजले होते, आभाळ भरून आलं होतं आणि रिबीन पार आडवी झाली होती.

"दादा, वारा लय वाढला. आज मी नाही उडवत," संगीता म्हणाली.

"पाव्हण्यानं नारळ फोडला, आता कायले नाही? ज्याले सहा पंखे हायेत, त्याले वाऱ्याचं कायचं भेव?" हरिसिंग म्हणाला. सगळे हसले.

तिने तीनदा नाही म्हटलं. मग त्याने तिच्या हातून रिमोट ओढून घेतला. मी ओरडलो, रिमोटच्या पडद्यावर लाल अक्षरं आणली. त्याने ती बोटाने बाजूला सारली.

वर जाताच वाऱ्याने मला ढकललं. टाकीतलं औषध हिंदकळलं आणि मी कलंडलो. फवारा सोयाबीनवर पडलाच नाही, तो शेजारच्या वावरात उडाला. तिथे नानीबाई तण निंदत होती. औषध तिच्या डोळ्यांत गेलं. मी बाभळीवर आदळलो आणि माझे दोन पंख मोडले.

दुसऱ्या दिवशी गावात काय बोललं गेलं ठाऊक आहे? संगीताने ड्रोन पाडला! बांधावर हसलेले सगळेच तसं सांगत होते. तिच्याकडून मला काढून घ्यायला गटाची बैठक बसली. "बाईच्या हाती यंत्र देल्यावर असंच होते," हरिसिंग सगळ्यांसमोर म्हणाला. मी कोपऱ्यात मोडून पडलो होतो. मला बोलता येत नाही, याची इतकी चीड मला कधीच आली नव्हती.

तेवढ्यात डोळ्यांवर पट्टी बांधलेली नानीबाई सुनेचा हात धरून आली.

"माहे डोये झाकले हायेत, कान नाही," ती म्हणाली. "मी बांधापल्याड निंदून राह्यली होती. ही पोरगी तीनदा नाही म्हणाली, तिन्ही खेपा मले ऐकू आलं. अन् रिमोट कोनाच्या हाती होता, तेबी मी पाह्यलं."

हरिसिंगने मान खाली घातली. रिमोट संगीताकडेच राहिला.

मित्रांनो, मला उडता येतं. वारा पडेपर्यंत थांबणं तुम्हाला यायला हवं, आणि नाही म्हणणाऱ्याचं ऐकणंही. मला नवे पंख बसवले. नानीबाईला डाव्या डोळ्याने अजून धूसरच दिसतं.