मागून चालणारा वैद्य

शाळा सुटली की परंड्याच्या सायबर कॅफेत दोघं मित्र संगणकावर लढाईचा खेळ खेळायचे. शिवकुमार कायम योद्धा निवडायचा, सिदू वैद्य.

“तलवारीला भितोस व्हय रं?”

“आमी मेंढरांमागं चालतो. लंगडं कोकरू मागूनच दिसतं,” म्हणत सिदू कोसळलेल्या योद्ध्याला उभं करायचा.

शाळा संपून बरीच वर्षं झाली. यंदा चराई उरली नाही म्हणून सिदूनं मेंढरं विकली. तेव्हापासून तो कुणाशी बोलेना. रविवारी शिवकुमारनं त्याला मोबाइलवर तोच खेळ पाठवला आणि स्वतः वैद्य निवडला. बराच वेळ पडद्यावर त्याचा वैद्य एकटाच उभा होता. मग शेजारी एक योद्धा येऊन थांबला.

“माझा वैद्य पळवलास व्हय, लबाडा?” फोनवर सिदूचा आवाज आला.

“तू हो पुढं. मागं मी हाय.”