शेवटच्या पक्ष्याची जागा

मित्रांनो, आज मला हात लावलात तर मी तुम्हाला काचेसारखा गुळगुळीत लागेन. मी असा नव्हतो. मी झाडाच्या सालीचा एक जुना कागद आहे. जन्मलो मेक्सिकोत, आणि आता राहतो कुवेतमध्ये, अहमदीतल्या एका बैठ्या घराच्या भिंतीवर.

मेक्सिकोच्या डोंगरात सान पाब्लितो नावाचं गाव आहे. तिथल्या बायकांनी रानअंजिराची साल चुन्याच्या पाण्यात उकळली, तिचे धागे फळीवर उभे-आडवे मांडले आणि दगडाने ठोकून एकमेकांत बसवले. मग मला उन्हात वाळवलं. धाग्याने धाग्याला धरलं होतं, एवढंच माझं बळ. काही शतकांपूर्वी परक्या राज्यकर्त्यांनी माझ्या पूर्वजांवर बंदी घातली होती, कारण लोक त्यांचा उपयोग आपल्या देवांच्या पूजेत करत. तरी त्या डोंगरातल्या माणसांनी हा कागद टिकवला.

तिथून मी दूर, एका नदीकाठच्या गावात विकला गेलो. तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या मडकी रंगवत. साठेक वर्षांपूर्वी ते आमच्यावर चित्रं काढू लागले. मला एउलालिया नावाच्या बाईने घेतलं. तिने माझ्यावर आपलं गाव काढलं: मक्याचं शेत, लग्नाची वरात, चर्च, आणि स्मशानात मेणबत्त्या लावून बसलेली माणसं. राजधानीत सरकारी इमारतींच्या भिंतींवर आमच्या देशाचा इतिहास प्रचंड आकारात रंगवलेला आहे. त्याला लोक कला म्हणतात. आम्हाला मात्र प्रवासाची आठवण म्हणून घासाघीस करून नेतात. एउलालियाच्या मनाला ते लागायचं. म्हणून मला तिने विकलं नाही.

माझ्या खालच्या बाजूला तिने एक पट्टी मोकळी ठेवली होती. घरातलं कुणी गेलं की ती तिथे एक पक्षी काढायची. पहिला सासऱ्याचा, दुसरा तान्हेपणी गेलेल्या मुलाचा, तिसरा नवऱ्याचा. त्याच्या उजवीकडे, माझ्या खडबडीत कडेपर्यंत, तीन बोटं जागा उरली. "ही माझी. इथला पक्षी तू काढायचास," असं तिने तिच्या मुलीला, मार्सेलाला, सांगून ठेवलं होतं.

मार्सेला कुवेतच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. मार्च महिन्यात एउलालिया गेली. तेव्हा मार्सेलाच्या इकाम्याचं, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्याचं, नूतनीकरण व्हायचं होतं. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. म्हणून ती गावी गेली नाही. तिच्या मावसभावाने मला गुंडाळी करून पाठवलं. आमच्या मेक्सिकोत असं मानतात की दोन नोव्हेंबरला वारलेली माणसं घरी भेटायला येतात. त्या दिवशी आईचा पक्षी काढायचा असं मार्सेलाने ठरवलं आणि तांबड्या रंगाची एक डबी आणून ठेवली.

पण इथली हवा मला मानवेना. घरात एसीचा कोरडेपणा, दार उघडलं की समुद्राकडची दमट वाफ. माझे धागे फुगायचे आणि आखडायचे. माझे कोपरे वर वळले. एकदा शाळेतली रसायनशास्त्राची शिक्षिका सुजाता घरी आली. ती पुण्याची, राहायला जवळच्याच एगैलाला.

"हा कागद आहे होय? मला वाटलं, तू पापड वाळत घातलायस," ती म्हणाली. सुजाताच्या डब्यातला पापड मार्सेलाने खाल्लेला होता. ती पुष्कळ दिवसांनी हसली. मग मार्सेलाने तिला मोकळ्या जागेचं सांगितलं आणि म्हणाली, याला नुसती चौकट हवी, बाकी काही नको.

सुजाताने मला कुवेत शहराकडच्या खैतानला गणपतकडे नेलं. गणपत सुतार, सावंतवाडीकडचा. शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो इमारतीच्या गच्चीवर लहानसहान कामं करायचा.

"गणपतराव, तुम्ही बसवलेल्या कपाटाचं दार उघडायला मला अजून दोन हात लागतात," सुजाता म्हणाली.

"कोकणातलो हात आसा ताई. एकदा बसलो म्हणजे बसलो."

"हे मैत्रिणीच्या आईचं आहे. चौकट करायची. फार जुनं आहे, जपून करा."

एवढंच ती बोलली. मोकळ्या जागेविषयी बोलली नाही.

गणपतने मला फार जपलं. त्याच्या गावी चार महिने पाऊस असतो आणि उघड्या लाकडाला वाळवी लागते. म्हणून त्याने माझी पाठ सरसाने प्लायवूडला चिकटवली. उजवीकडची कड वेडीवाकडी होती. तिथे काही काढलेलं नव्हतं. त्याने काटकोन लावला आणि तिसऱ्या पक्ष्यापासून अर्धं बोट सोडून ती सरळ कापली. मग माझ्यावर वॉर्निशचे तीन हात दिले. प्रत्येक हात वाळेपर्यंत तो धूळ बसू नये म्हणून माझ्याजवळ बसून राहिला.

मला घेऊन तो सुजाताबरोबर अहमदीला आला. मार्सेलाने माझ्यावरून बोट फिरवलं. उजव्या कडेशी ते थांबलं. तिने सुजाताला काहीतरी विचारलं. सुजाता गणपतकडे वळली.

"गणपतराव, इथली रिकामी जागा कुठे गेली?"

"ती फाटकी कड? कापलंय ताई. सरळ दिसाक नको?"

"तुकडा आहे का?"

"केराच्या गाडीन नेल्यान. काय होता तेच्यात?"

सुजाताने त्याला सांगितलं. गणपत खाली बसला. "माका वाटला, साल आसा, पॉलिश नाय मारला तर वाळवी लागतली," तो म्हणाला. "इचारूक व्हया होता."

"मी सांगायला हवं होतं," सुजाता म्हणाली. मार्सेलाने मला उचलून भिंतीवर लावलं.

दोन नोव्हेंबरला दुपारी तिने उरलेल्या अर्ध्या बोटावर कुंचला टेकवला. वॉर्निशवर रंगाचे थेंब झाले आणि खाली ओघळले. तिने ते कापसाने पुसले, पुन्हा लावले, पुन्हा पुसले. संध्याकाळी गणपत आला. "मॅडम, मैं क्या करूँ, आप बोलो," तो दारातूनच म्हणाला.

"कुछ नहीं. बैठो."

तिने आईसाठी मेणबत्ती लावली होती. तिने त्याला मोडक्या हिंदीत त्याच्या आईचं नाव विचारलं.

"नर्मदा. मैं भी नहीं जा पाया. फोन पे देखा."

मार्सेलाने दुसरी मेणबत्ती आणली. दोघं बराच वेळ माझ्यासमोर बसले होते.

मित्रांनो, गणपतचा हात चांगला होता आणि मनही चांगलं होतं. माझं नुकसान हेळसांडीने झालं नाही, काळजीने झालं. तुमच्या हाती कुणाची जुनी वस्तू आली, तर ती नीट करण्याआधी तिच्या माणसाकडे जा. तिच्यावर जिथे काहीच नाही, तिथे काय आहे ते विचारा.

सुजाता म्हणते, हे वॉर्निश उतरवायला गेलं तर खालचं गावही उतरेल. दुसऱ्या कागदावर पक्षी काढायला मार्सेला तयार नाही. एउलालिया जाऊन वर्ष होत आलं. तिचा पक्षी अजून कुठेच नाही.