खात्रीचा माणूस

यंग्सटाउनच्या डॅनी विटुल्लोने बॉक्सिंगच्या एकतीस लढती जिंकल्या होत्या, हरली एकही नव्हती. जगज्जेतेपदाचा पट्टा त्याच्या आईने स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेवला होता. मी रिंगमध्ये त्याच्या कोपऱ्यात असायचो. फुटलेली भुवई दोन राउंडांमधल्या एका मिनिटात बंद करायची, एवढंच माझं काम. त्यावर गावाने मला डॉक ही पदवी देऊन टाकली होती.

मोठ्या लढतीआधी गावाला खूश करायला एक हलकी लढत ठेवतात. पट्टा पणाला नसतो. समोर खात्रीचा माणूस लागतो. मॅनेजर लूने जॉन्सटाउनचा वॉल्टर होलुब आणला. छप्पन्न लढती, सत्तेचाळीस पराभव. वॉल्टर मुद्दाम कधी हरत नसे. तशी गरजच पडत नसे. चढत्या पोरांपुढे उभं राहायचं, हरायचं, की सोमवारी पुढच्या लढतीचा फोन. त्याचं घर त्यावरच चालायचं.

लूने पराभव मोजले. ते सगळे गुणांवर होते, वॉल्टर एकदाही आडवा झाला नव्हता, हे कोणी पाहिलं नाही. मीही नाही.

डॅनीला लोकांसाठी त्याला पाडून दाखवायचं होतं. सहा राउंड तो ठोसे मारत सुटला. वॉल्टर उभाच. सातव्यात दमून डॅनीचे हात खाली आले आणि वॉल्टरने सवयीने डावा फिरवला.

डॅनी पडला.

सभागृहात पॉपकॉर्नचं यंत्र ऐकू येऊ लागलं. पंच आकडे मोजत होता आणि वॉल्टर वरून ओरडत होता, "ऊठ ना रे! अरे, असं काय करतोस? ऊठ!"

पंचाने त्याला कोपऱ्यात हाकललं. दहा झाले.

महिन्याभराने वॉल्टर आमच्या जिममध्ये आला, बायकोने केलेला अक्रोडाचा रोल घेऊन.

"लू, एकाचाही फोन नाही बघ. म्हणतात, तुझा आता भरवसा नाही. मला परत एकदा घ्या. मी हरलो की सगळं जागेवर येईल."

"मुद्दाम हरणार?" लू दचकला. "तसलं इथे चालत नाही हां!"

"छे, मुद्दाम कशाला? जीव तोडून लढेन. आजवर तेवढ्याने भागलंय की."

डॅनी म्हणाला, "पट्टा पणाला लावून खेळू. गावाला कळू दे." रोलला त्याने हात लावला नाही. मी लावला. छान झाला होता.

पहिल्या घंटेपासून डॅनी फक्त तो डावा हात बघत होता. वॉल्टरने त्या हाताने घाम पुसला तरी हा दोन पावलं मागे. बारा राउंड तो मागेच सरकत राहिला. मला बंद करायला एक जखम मिळाली नाही. तिन्ही परीक्षकांनी वॉल्टरला विजयी ठरवलं, तेव्हा टाळ्या वाजवायचंही कोणाला सुचलं नाही.

थोड्या वेळाने वॉल्टर आमच्या खोलीत आला. खांद्यावर पट्टा, चेहरा मयतीला आल्यासारखा.

"टोलेडोचा एक मॅनेजर बघायला आला होता," तो बाकावर बसत म्हणाला. "मी हरलो असतो तर पुढच्या महिन्यात त्याच्या पोरापुढे उभं करणार होता. आता म्हणतो, चॅम्पियन नको, बाबा."

लू टॉवेल गोळा करू लागला.

"डॅनी," वॉल्टर हळूच म्हणाला, "त्यांना माणूस तर लागतोच आहे. तू जातोस? त्यांचा पोरगा चांगलाय. फार जोरात मारत नाही."

डॅनीने आ वासून त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी कापसाचा बोळा उगाच व्हॅसलिनमध्ये बुडवला.

"किती राउंड?" डॅनीने विचारलं.