कुत्र्याचं पान

पितृपंधरवड्यात आमच्या गल्लीत कुत्र्याला भाव येतो. वर्षभर ज्याला हाड् हाड् करतात, त्याच्यासाठी ते पंधरा दिवस घरोघर पान वाढतात. श्राद्धाचा स्वयंपाक झाला की एक पान गाईचं, एक कावळ्याचं, एक कुत्र्याचं. ती खाल्ली गेली की मग घरच्यांनी जेवायचं. काशीत, दूधविनायकात आम्हा दक्षिण्यांची सात-आठ घरं एकमेकांना लागून, कोणी भिक्षुक, कोणी शास्त्री, त्यामुळे यात कसूर नाही.

अडचण होती ती कुत्र्यांचीच. गल्लीतले कुत्रे म्हणजे नुसते गुंडे. एका पानावर चौघे तुटून पडायचे, भात उडून उंबऱ्यापर्यंत यायचा आणि सोवळ्यातल्या बायका ओरडत आत पळायच्या. त्या वर्षी माझ्याकडे लवंग्या होता. मांजराएवढा, रंगाने लवंगेसारखा. वैशाखात अमृतराव घाटाच्या पायऱ्यांवर भिजून कुडकुडत बसलेला मला सापडला होता. तो पान चाटूनपुसून खायचा आणि मुकाट बाजूला बसायचा.

प्रतिपदेलाच समोरच्या सीताकाकूंनी खिडकीतून हाक मारली, “विजू, तुझ्या त्या बटूला आण गं. पान वाढलंय.”

झालं. तेव्हापासून बटूला आमंत्रणं सुरू झाली. “उद्या आमच्याकडे सासऱ्यांचं आहे, बाराला पाठव हं बटूला.” “आधी आमच्याकडे, मग त्यांच्याकडे.” माझा धाकटा काका, बाळकाका, देवडीत बसून तंबाखू मळत म्हणायचा, “अरे, मला एवढी बोलावणी येत नाहीत. याची मुंज कधी करताय?”

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटत होतं. मी पंधरा वर्षांची, शाळा सोडून वर्ष झालेलं. बाईंच्या अंगावर दौत फेकली होती मी, पण तो किस्सा निराळा. तेव्हापासून गल्लीत माझं नाव निघालं की पुढे “कार्टी” लागायचंच. आणि आता रोज बाराच्या ठोक्याला चार खिडक्यांतून “विजू, विजू” चाललेलं. लवंग्याला काखेत मारून मी एका दारातून दुसऱ्या दारात जायची. खीर, वडे, भातावर तुपाची धार. म्हशीच्या दुधाची ती खीर, तिच्यावर बोटभर साय.

अष्टमीच्या संध्याकाळी तो ओकला. मी राख टाकली आणि झाडून काढलं. नवमीला तीन घरं होती. पहिल्या दारात त्याने पानाचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. आत काकू उपाशी बसलेल्या. मी त्याचं तोंड धरून खिरीत टेकवलं. “खा ना रे, लोक ताटकळलेत.” त्याने खाल्लं. तिन्ही घरी खाल्लं.

दशमीला पहाटे देवडीत पाय ठेवला तर सगळीकडे पाणीच पाणी, पिवळं, शेंबडासारखं, मधेच लाल रेघ. लवंग्या कोपऱ्यात पोत्यावर पडलेला. पोट ढोलकं झालेलं, आणि हात लावला की दात दाखवत होता. मला त्याने कधी दात दाखवले नव्हते.

आईने दुरूनच पाहिलं. कुत्रा देवडीच्या आत येत नाही आणि सोवळ्यातली आई देवडीत येत नाही. पण थोड्या वेळाने ती सहाण घेऊन बाहेर आली. बाळगुटीतली मुरडशेंग उगाळून आणली होती तिने.

“तोंड उघड त्याचं.”

“आई, तुझं सोवळं…”

“परत नेसेन. कुणाला बोलू नकोस. तूही अशीच हगायचीस दात येताना.”

मुरडशेंग पोटात टिकली नाही. एकादशीला मी बाळकाकाच्या मागे लागले. छावणीच्या बाजूला जनावरांचा दवाखाना होता, पलटणीचे आणि इक्क्यांचे घोडे तिथे नेत. चौकातून इक्का केला. लवंग्या टोपलीत, वर माझी जुनी ओढणी.

“घोड्याच्या दवाखान्यात इक्क्यातून कुत्रा न्यायचा,” बाळकाका म्हणाला, “हे इक्क्याच्या घोड्याला कळलं तर तो काय म्हणेल?”

“तू गप बस नाहीतर मी उडी मारीन.”

“मार. तिथेच आहे डॉक्टर.”

डॉक्टर बंगाली होते, घोषालबाबू. भिंतीवर बादशहाचं चित्र. तो त्याच वर्षी मेला होता, पण चित्र बदललेलं नव्हतं. आमच्या आधी एक लंगडी घोडी होती. तिची तंगडी गुडघ्यावर घेऊन ते असे बसले होते, जसा सुतार खुर्चीचा पाय बघतो. लवंग्याची टोपली समोर ठेवली तेव्हा मात्र त्यांनी आधी चष्मा पुसला.

“हम घोड़ा का डॉक्टर है, बेटी,” ते म्हणाले. “कुत्ता साल में चार आता है. साहब लोग का. बड़ा-बड़ा.”

पोट दाबलं, डोळ्याची पापणी ओढली, हिरडी बघितली. मग कपाटातून जाड पुस्तक काढलं. त्यातला कुत्रा वासराएवढा होता. घोषालबाबूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग लवंग्याकडे पाहिलं आणि बोटांवर काहीतरी भागाकार केला.

“खाता क्या है?”

माझ्या तोंडाशी आलं होतं. खीर, वडे, तूप, रोज तीन-चार घरचं. पण बाळकाका शेजारी उभा होता, दाराशी दोन शिपाई उभे होते, आणि मला एकदम नवमीचं ते आठवलं, त्याचं तोंड मी धरलेलं.

“रोटी-चावल,” मी म्हणाले.

“और?”

“बस.”

बाळकाकाने माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, श्राद्धाचं इथे कशाला काढायचं.

“रोटी-चावल से तो ऐसा नहीं होता,” घोषालबाबू म्हणाले. “तब कीड़ा होगा. पेट में कीड़ा.” त्यांनी पांढऱ्या पावडरीच्या दोन पुड्या बांधल्या आणि वर एरंडेल सांगितलं. पेट साफ होगा, कीड़ा गिरेगा.

पोट साफ झालं. किडा एकही पडला नाही. द्वादशीला सकाळी लवंग्याच्या आत काही उरलंच नव्हतं, तरी तो कण्हत होता. उभं राहायला गेला तर मागचे पाय बाजूला सरकले. त्याची कातडी मी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच उभी राहिली, खाली बसेना.

मी घोषालबाबूंना मनातल्या मनात सगळ्या शिव्या दिल्या. मराठीतल्या संपल्यावर बनारसी दिल्या. घोड्याचा डॉक्टर, पुस्तक बघून औषध देतो, माझ्या कुत्र्याला मारायला निघाला. असं दुपारपर्यंत चाललं. मग शिव्या संपल्या, आणि शिव्या संपल्यावर जे उरलं ते असं, की त्याने विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं.

त्रयोदशीला बाळकाका माझ्या वडिलांबरोबर यजमानांच्या कामाला गेला होता. मी टोपली उचलली आणि कोणाला न सांगता चालत निघाले. अर्ध्या वाटेवर एका इक्केवाल्याने दया येऊन बसवलं. दवाखान्यात शिरले आणि दारातूनच सगळं बोलून टाकलं, हिंदीत, मराठीत, जसं आलं तसं. खीर. वडे. किती घरं. किती दिवस. नवमीचं पण.

घोषालबाबूंनी सगळं ऐकलं. मग चष्मा काढला.

“झूठ काहे बोला?”

“शरम लगी.”

“घोड़ा झूठ नहीं बोलता,” ते म्हणाले. “इसीलिए हमको घोड़ा पसंद है.”

मला वाटलं हाकलतील. पण त्यांनी लवंग्याला स्वतः टोपलीतून काढून टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्या पोटाला कान लावून बसले. बाहेर कोणाचा तरी घोडा खूर आपटत होता.

“घी-दूध से पेट जल गया. ऊपर से हमने जुलाब दे दिया,” ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. “अब दवा कुछ नहीं. खाना कुछ नहीं. चावल का माड़, पतला, चुटकी भर नमक. घंटा-घंटा पर एक चम्मच. उल्टी करे तो रुको, फिर आधा चम्मच.”

“बचेगा?”

“पता नहीं.”

“आप डॉक्टर हैं ना?”

“इसीलिए बोलता है, पता नहीं.”

मला राग यायला हवा होता. मला उलट बरं वाटलं. आतापर्यंत सगळे मला काही ना काही खात्रीने सांगत होते.

घरी आल्यावर एकटी गेले म्हणून आईने अर्धा तास बोलून घेतलं आणि बोलता बोलताच तांदूळ धुवायला घेतले. पेज पातळ, कपड्यातून गाळलेली. मी देवडीत पोतं टाकून बसले. एक चमचा. ओकला. थांबले. अर्धा चमचा. तो ओकला नाही, पण अर्ध्या तासाने ओकला. पुन्हा अर्धा. बाळकाका संध्याकाळी आला, माझ्याजवळ बसला आणि एकही थट्टा केली नाही, त्यामुळे मला भीती वाटली.

चतुर्दशीला दुपारी सीताकाकू दारात. “विजू, बटूला बरं नाही म्हणे? उद्या सर्वपित्री. आमचं पान मोठं असतं, सगळ्यांच्या नावाचं. तेवढं एक घास खाऊन जाऊ दे त्याला.”

“एक घासही नाही.”

“अगं, एका घासाने काय होतंय?”

“तुमच्या एकेक घासानेच झालंय हे!” मी इतकी जोरात ओरडले की लवंग्याने डोळे उघडले. “खीर, खीर, खीर! कुत्रा आहे तो, पंगतीतला भट नाही!”

काकूंचं तोंड पांढरं पडलं. “आम्ही मान दिला त्याला, आणि आम्हीच विष घातलं होय?”

पुढचं काहीतरी भयंकर माझ्या जिभेवर होतं. ते गिळलं. “नाही,” मी म्हणाले. “तो नको म्हणत होता. मीच तोंड धरून खाऊ घातलं.”

काकू पदर सावरून गेल्या. हे सगळं नानांनी आतून ऐकलं असणार.

नाना म्हणजे माझे वडील. शिवरामभट म्हटलं की घाटावर लोक बाजूला होतात, अशी त्यांची करडी शिस्त. लवंग्या घरी आल्यापासून त्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं. “ते” म्हणायचे. “ते वाटेत बसलंय, बघा.”

सर्वपित्रीला आमच्याकडे आजोबांचं. ब्राह्मण जेवून गेले. गाईचं पान गेलं, कावळा तर वाढायच्या आधीच कठड्यावर हजर होता. राहिलं तिसरं पान. मी देवडीत लवंग्याच्या पुढे भिंतीसारखी बसले होते. नाना ते पान घेऊन माझ्यासमोर आले तर काय करायचं ते मी ठरवलं होतं. पान उधळून द्यायचं आणि मार खायचा.

नाना आले. हातात द्रोण होता. त्यांनी तो खाली ठेवला, लवंग्याच्या तोंडापासून वीतभर. आत पेज होती. नुसती पातळ पेज, वर एक काळा तीळ तरंगत होता.

“बाबांना शेवटचा महिनाभर दुसरं काही पचत नव्हतं,” नाना म्हणाले. “मीच भरवायचो. त्यांना समजेल.”

मागे बाळकाका हळूच म्हणाला, “दादा, शास्त्रात पेज बसते?”

“पान त्याच्यासाठी वाढायचं की शास्त्रासाठी?” नाना म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले. सोवळ्यात, देवडीच्या उंबऱ्यावर.

लवंग्याने वास घेतला. मान फिरवली. माझा हात आपोआप पुढे गेला, त्याच्या तोंडाकडे. मी तो मागे घेऊन मांडीखाली दाबून ठेवला.

कोणी जेवलं नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात, बाळकाकाचं पोट इतकं गुरगुरत होतं की मला ऐकू येत होतं. एक वाजून गेला. समोरची खिडकी उघडी होती आणि तिच्यात सीताकाकू दिसत होत्या. गल्लीतल्या गुंड्यांनी त्यांचं पान केव्हाच संपवलं होतं, भात दारभर सांडला होता, तरी त्या इकडेच बघत होत्या.

“जेवायला बसा ना तुम्ही,” मी शेवटी म्हणाले.

“त्याची भूक त्याला येऊ दे,” नाना म्हणाले. “घाई कुणाला आहे?”

“मला आहे,” बाळकाका म्हणाला.

लवंग्याने मान परत वळवली. जीभ बाहेर काढली, पेजेला टेकवली, आत घेतली. थांबला. पुन्हा एकदा. पाच-सहा वेळा चाटून त्याने हनुवटी द्रोणाच्या कडेवर टेकली आणि डोळे मिटले.

नाना उठले आणि हात धुवायला गेले. आत पानं मांडल्याचा आवाज आला. मी जागची हलले नाही. त्याच्या पोटाकडे बघत बसले. पोट वरखाली होत होतं, पण ते ओकारीचं नव्हतं. दोन वाजले, तीन वाजले. चारला मी चमचाभर दिली. तीही राहिली. संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही.

घटस्थापना होऊन दोन दिवस झाले असतील. सकाळी लवंग्या पोत्यावरून उठला, भिंतीला घासत बाहेर गेला, गल्लीत चार पावलं वेडीवाकडी टाकली आणि नेमका सीताकाकूंच्या दारासमोर बसला. मी धावत पोचले तोवर त्याचं झालं होतं.

“काकू!” मी ओरडले. “काकू, बाहेर या!”

काकू हातातली फुलांची परडी घेऊन आल्या. खाली पाहिलं. “अगं कार्टे! नवरात्रात? माझ्या दारात? आणि वर बोलावून दाखवतेस?”

“बघा तरी. घट्ट आहे.”

त्या वाकल्या. नाकाला पदर लावून, पण वाकल्या. बराच वेळ बघितलं.

“अगदी घट्ट आहे गं,” त्या म्हणाल्या. मग सरळ उभ्या राहिल्या. “बादली घे आतली. आणि दोनदा धू.”